अंगणातली हिरवळ फेकण्याआधी उलटून पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस मागे सरला, दसरा झाला. आता दिवाळीची साफसफाई सुरू होईल आणि गोव्याच्या किनारपट्टीच्या गावांत रस्त्याकडेला हिरव्या प्लास्टिकच्या गुंडाळ्या दिसू लागतील. तीन-चार पावसाळे काढलेली, काळी पडलेली, कुबट वास येणारी कृत्रिम हिरवळ. ‘उन्हाने गेली’ असे म्हणून ती टाकायची आणि त्याच जागी, त्याच मातीवर नवी अंथरायची, असा प्रघात पडला आहे. नवीही त्याच वाटेने जाते. अंगणांत, व्हिलांच्या परसात, गेस्ट हाऊसच्या बागांत ही हिरवळ बसवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम आम्ही करतो. उचकटलेल्या गालिच्यांपैकी पुष्कळांची पाती धडधाकट असतात. बिघाड असतो पाठीला, खिळ्यांना आणि खालच्या भुईला. तो बिघाड दुरुस्त होतो, आणि दुरुस्तीला लागणारे कोरडे दिवस आता सुरू होत आहेत. म्हणून हे पत्र आजच लिहीत आहोत.

आधी पाते जिवंत आहे की नाही ते ठरवावे. चार-पाच ठिकाणची पाती चिमटीत धरून दुमडा आणि नखाने चोळा. बोटाला भुकटी लागली, किंवा पाते उभे चिरून त्याचे केसासारखे धागे झाले, तर उन्हाने त्याचा कस गेला आहे. अशा गालिच्यावर दुरुस्तीचे पैसे घालू नयेत. पाते दुमडून परत सरळ होत असेल आणि नुसता रंग विटला असेल, तर मात्र कोपऱ्यातले दोन-तीन खिळे काढून गालिचा हातभर उलटा करा. पाठ ताठ आणि सुकी आहे की हाताला मऊ, चिकट लागते ते पाहा. मग पात्यांचा एक झुपका धरून जोराने ओढा. मुळासकट निघून हातात आला तर पाठीचा लेप मेला आहे.

हा लेप म्हणजे काय ते गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पाती पॉलीप्रॉपिलीनच्या कापडात टाचलेली असतात आणि ती सुटू नयेत म्हणून कापडाच्या मागून लॅटेक्सचा किंवा पॉलियुरेथेनचा थर फासलेला असतो. लॅटेक्स स्वस्त पडतो, पण त्यात खडूसारखी भुकटी मिसळलेली असते आणि सतत ओलीत राहिला की तो मऊ होऊन गळू लागतो. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या चार महिन्यांत खालची भुई सुकतच नाही. तेव्हा इथे पॉलियुरेथेनची पाठ घ्यावी असे आमचे स्पष्ट मत आहे, मग चौरस मीटरमागे थोडे जास्त पडले तरी चालेल. विकत घेताना वीतभर तुकडा मागून आणा, दोन दिवस बादलीत बुडवून ठेवा आणि ओला असतानाच झुपका ओढून बघा. विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा ही परीक्षा खरी.

आता पाण्याकडे येऊ. आमच्या कामातल्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते.

पाणी जिरते की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका, मोजा. साधारण ३० सेंटिमीटर व्यासाची जुनी प्लास्टिकची बादली घेऊन तिचा तळ कापून काढा. आजूबाजूची दोन-तीन मीटर हिरवळ आधी पाईपने चिंब भिजवा, नाहीतर ओतलेले पाणी आडवे पसरते आणि जागा चांगली असल्याचा भास होतो. बादली हिरवळीवर दाबून धरा, कडेने ओले फडके ठासा आणि आत ७०० मिलिलिटर पाणी ओता. त्या घेरात हे पाणी १० मिलिमीटर पावसाइतके होते. ते ६ मिनिटांच्या आत गेले तर ती जागा तासाला १०० मिलिमीटरची सर पेलू शकते. पंधरा-वीस मिनिटे लागत असतील तर आषाढात तिथे तळे होणारच.

पाणी तीन ठिकाणी अडते, पात्यांच्या मुळाशी भरलेल्या वाळूत, पाठीच्या भोकांत आणि खालच्या भुईत, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. वर पाणी साचलेले आणि कड उचलून पाहिले तर खाली कोरडे, असे असेल तर वाट गालिच्यातच बुजली आहे. खालीही पाणी उभे असेल तर दोष भुईचा आहे. एवढे पाहिल्याशिवाय कोणालाही गालिचा उचलू देऊ नये.

गालिच्यात वाट बुजते ती आपल्या तांबड्या धुळीमुळे. जांभ्याची ही धूळ पिठासारखी बारीक असते. ती पात्यांच्या मुळाशी भरलेल्या वाळूत उतरते, आंब्या-फणसाचा पालापाचोळा तिच्यात कुजतो, वर शेवाळ धरते आणि सगळ्याची मिळून पापडासारखी खपली बनते. हा पापड ओला असताना घासला तर चिखल आणखी खाली जातो. दोन-तीन दिवस कडक ऊन खाऊ द्यावे. मग ताठ नायलॉनच्या झाडूने पाती ज्या बाजूला झुकली आहेत तिच्या उलट घासावे. तारेचा ब्रश वापरू नये, त्याने पाती फाटतात. सुटलेला चुरा ओले-सुके दोन्ही ओढणाऱ्या व्हॅक्यूमने खेचून घ्यावा. वरची २-३ मिलिमीटर वाळू त्यासोबत निघेल, ती निघायलाच हवी. तेवढी नवी सिलिका वाळू परत भरावी, चौरस मीटरला ३ ते ५ किलो. वाळू धुतलेली, सुकी, गोल कणांची, अर्ध्या ते एक मिलिमीटरची हवी. ती दोन-तीन हातांत थोडी थोडी फेकून प्रत्येक वेळी झाडूने मुळाशी उतरवावी. एकदम ओतली तर पाती वाळूखाली आडवी होतात आणि मग उठत नाहीत.

कोऱ्या बसवणीत ३५ मिलिमीटर उंचीच्या पात्यांना चौरस मीटरला साधारण ८ किलो वाळू लागते, म्हणजे मुळाशी पाच-सव्वापाच मिलिमीटरचा थर. ५० चौरस मीटरच्या अंगणाला ४०० किलो, म्हणजे ५० किलोच्या आठ गोणी. बिलात दोनच गोणी दिसल्या तर हिरवळ लवकर आडवी पडेल, उन्हात तिच्या सुरकुत्या उठतील आणि पाठीवर सरळ ऊन बसेल, हे समजून घ्यावे.

पाठीला कारखान्यातच भोके पाडलेली असतात, पेन्सिलीएवढी, साधारण वीतभर अंतराच्या आत. ती चिखलाने बुजली असतील तर गालिचा उलटा करून, धुऊन, सुकवून, ६ मिलिमीटरची सळी तापवून मागच्या बाजूने भोके मोकळी करावीत किंवा मध्ये नवी पाडावीत. ड्रिल मशीन चालवू नये. पाते बिटाला गुंडाळते आणि टाचणीची अख्खी रांग उसवून येते. सळीच्या कामात धूर होतो, तेव्हा ते उघड्यावर, वारा येतो त्या बाजूला पाठ करून आणि तोंडाला मास्क लावून करावे.

भुईचा दोष मात्र खर्चाचा असतो. स्वस्त म्हणून मुरूम किंवा लाल माती टाकून, धुमसाने ठोकून त्यावरच गालिचा अंथरतात. सुक्या दिवसांत ही जागा दगडासारखी वाटते. जुलैमध्ये तिच्यातली चिकणमाती पाणी पिते, पायाखाली लोण्यासारखी होते, खड्डे पडतात आणि चिखल भोकांतून वर येतो. अशा जागी गालिचा न कापता एका बाजूचे खिळे काढून, उलट गुंडाळून बाजूला ठेवता येतो. खचलेला भाग किमान १० सेंटिमीटर खणा. तळाशी जिओटेक्स्टाईलचे कापड अंथरा, म्हणजे माती खडीत मिसळणार नाही. त्यावर २० मिलिमीटरची खडी टाका. एक चौरस मीटर, १० सेंटिमीटर खोल खड्ड्याला १०० लिटर खडी लागते, पण दाबल्यावर ती बसते म्हणून १२० लिटर धरा, म्हणजे दहा-बारा घमेली. मोठी जागा असेल तर प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने आणा, लहान असेल तर धुमस पुरतो. वर दोन सेंटिमीटर बारीक खडी, सहा मिलिमीटरखालची, पण क्रशरची पिठी धुऊन काढलेली. पिठी राहिली तर ती सिमेंटसारखी बसते आणि पुन्हा पाणी अडते. उतार घरापासून बाहेर, मीटरला एक ते दीड सेंटिमीटर. तो नजरेने धरू नका, नळीच्या पाणसळीने धरा.

हे पाणी पुढे जाणार कुठे, याचाही विचार आधीच व्हायला हवा. खालच्या कडेला कापड गुंडाळलेला चार इंची छिद्रांचा पाईप घालून तो शोषखड्ड्यात सोडतात. उंचावरच्या घरांना ते ठीक. समुद्राजवळच्या आणि खाजन (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या) जमिनींच्या कडेच्या सखल अंगणांत पावसाळ्यात भूजल इतके वर येते की शोषखड्डा आधीच भरलेला असतो. तिथे पाण्याला गटारापर्यंत उघडी वाट द्यावी लागते, आणि ती देता येत नसेल तर त्या जागी कृत्रिम हिरवळ घालूच नये.

जुन्या कौलारू घरांच्या अंगणात एक खास गोष्ट घडते. पन्हळ नसते, त्यामुळे पागोळ्या सरळ हिरवळीवर पडतात. चार महिने एकाच रेघेवर पाण्याची धार. आधी त्या रेघेवरची वाळू वाहून जाते, मग उघड्या पाठीवर पाणी आपटते, शेवटी खालची खडी धुतली जाऊन बोटभर खोल चर पडतो. बाहेरून पाहिले तर भिंतीपासून हात-दीड हातावर, भिंतीला समांतर अशी काळपट, चपटी पट्टी दिसते. तिथे पाती वरून दाबलेली असतात आणि बोट घातले तर मुळाशी वाळूचा कणही लागत नाही. लोक त्या पट्टीवर दरवर्षी नवी वाळू टाकतात, ती पहिल्या पावसातच जाते. खरा उपाय दोनच. एक तर पन्हळ बसवावी, नाहीतर त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना मिळून ४५ सेंटिमीटरचा पट्टा कापून काढावा, तिथे चिऱ्याची कड बांधावी आणि आत गोट्यांचा थर भरावा. पागोळ्या दगडांवर पडतात, पाणी खाली जिरते, शिंतोड्यांचा चिखल भिंतीवर उडत नाही. आमच्या मते दुसरा उपाय कौलारू घराला शोभतोही.

माडाच्या बुंध्यापर्यंत गालिचा नेऊन घट्ट ठोकतात, तेही चुकीचे आहे. बुंध्याभोवती किमान एक मीटर मोकळे आळे ठेवावे. माडाला पाणी आणि खत मिळते आणि वरून झावळी किंवा नारळ पडला तरी तो मातीवर पडतो. लव्हाळ्याचा मात्र आळस करू नये. त्याचा सुईसारखा कोंब प्लास्टिकचे कापडही भेदून वर येतो. उपटून उपयोग नाही, कारण खाली गाठ राहते. कड उचलून गाठीसकट खणून काढणे हाच इलाज. रेताड अंगणात कुर्ल्या आणि उंदीर बिळे करतात, वर गालिचा तसाच राहतो आणि एक दिवस पाय आत जातो. पाय टाकल्यावर पोकळ वाटणारी जागा लगेच उघडावी. कडेला लाकडी पट्ट्या ठोकू नयेत, त्या वाळवीला आमंत्रण देतात. चिऱ्याची किंवा काँक्रीटची कड बरी.

खिळ्यांबद्दल. साधा खिळा खाऱ्या हवेत काही महिन्यांत गंजतो. पातळ झिंक चढवलेला थोडा जास्त टिकतो, पण ठोकताना डोक्यावरचा झिंक उडतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. गंजलेला खिळा फुगतो, मग झिजतो, कड सुटते आणि पात्यांवर तांबडा डाग पसरतो. स्टेनलेस स्टील म्हटले की सगळे एकच असे समजू नका. ३०४ दर्जाच्या स्टीलवर समुद्रकाठी चहासारखे डाग धरतात. ३१६ दर्जात मॉलिब्डेनम असते, ते खाऱ्या हवेला जास्त तोंड देते. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असाल तर ३१६चेच, पाच-सहा इंची खिळे घ्या. कडेला १५ ते २० सेंटिमीटरवर एक, जोडाच्या दोन्ही बाजूंना तसेच, मधल्या भागात साधारण ६० सेंटिमीटरवर. डोके पाठीला टेकेपर्यंतच ठोका. आणखी ठोकले तर तिथे खळगी पडते आणि पाणी साचते. जुने खिळे मोजून काढा. गंजून मोडलेला अर्धा खिळा पात्यांत राहिला तर अनवाणी खेळणाऱ्या मुलांच्या पायात जातो. मोठे चुंबक दोरीला बांधून अंगणभर फिरवले की साध्या लोखंडाचे तुकडे सापडतात. स्टेनलेसचे तुकडे चुंबकाला सहसा धरत नाहीत, ते हातानेच शोधावे लागतात.

जोड उघडणे ही यानंतरची मोठी तक्रार. सुताराकडचा पिवळा रबरी डिंक वापरून जोड चिकटवतात. तो उन्हात मऊ पडतो आणि साचलेल्या पाण्यात सुटतो. बाहेरच्या कामाला दोन भागांचे पॉलियुरेथेनचे गोंद आणि ३० सेंटिमीटर रुंदीची जोडपट्टी हवी. मीटरमागे ४०० ते ५०० ग्रॅम गोंद लागते, म्हणजे पाच किलोच्या डब्यात दहा-बारा मीटर जोड. एकाच डब्यातून येणारे, हवेतल्या ओलाव्यावर सुकणारे गोंदही असते, पण आपल्या दमट हवेत आणि ओल्या भुईवर ते फसफसते, बुडबुडे धरते आणि धरून ठेवण्याची ताकद गमावते. गोंद कोणतेही असो, पाठ पूर्ण सुकलेली हवी. पहाटेचे दव पडलेले असताना हे काम करू नये. भर दुपारीही नको, कारण उन्हात ताणलेला गालिचा रात्री आखडतो आणि जोड उघडतो. सकाळी दव सुकल्यावर किंवा उतरत्या उन्हात करावे.

जोड जमायचा तर पात्यांचा कल दोन्ही तुकड्यांत एकाच दिशेला असावा लागतो, नाहीतर एक पट्टी गडद आणि एक फिकट दिसते. कारखान्यातली कड तशीच जोडू नये. मागच्या बाजूने दोन-तीन रांगा मोजून, दोन रांगांच्या मधून, नव्या पात्याच्या कटरने कापावे. दोन तुकड्यांत ठेवायचे अंतर गालिच्याच्या स्वतःच्या दोन रांगांमधल्या अंतराइतकेच. जास्त ठेवले तर भांग पडल्यासारखे दिसते, कमी ठेवले तर कंगोरा उठतो. चिकटवल्यावर गोंदात अडकलेली पाती लगेच काढावीत. मग विटा किंवा वाळूच्या पिशव्या ओळीने ठेवाव्यात आणि २४ तास त्यावर पाय ठेवू नये.

जळलेल्या किंवा फाटलेल्या जागी ठिगळ लावताना नवा तुकडा आणू नये. तो कितीही त्याच कंपनीचा असला तरी जुन्या विटलेल्या रंगात डोळ्यांत खुपतो. बाकाखालचा, कुंड्यांमागचा किंवा गेटच्या कोपऱ्यातला त्याच अंगणातला चौकोन कापून इथे लावावा आणि नवा तुकडा त्या आडोशाच्या जागी. खराब भाग गोल कापू नका. रांगांना धरून चौकोनच कापा, ३० बाय ३० सेंटिमीटरपेक्षा लहान नको, कारण लहान ठिगळ पायाने उचकटते. ठिगळाच्या चारही कडांखाली जोडपट्टी जायला हवी.

दिवाळी तोंडावर आहे म्हणून सांगतो. पाते बहुधा पॉलिइथिलीनचे असते आणि ते फार थोड्या उष्णतेला वितळते. भुईनळ्याचा तापलेला बूड, फुलबाजीची गरम तार, विझली असे वाटून टेकवलेली उदबत्ती, तुळशीच्या लग्नात ओळीने ठेवलेल्या मातीच्या पणत्या, शेगडीवरून उतरवून टेकवलेली कढई, प्रत्येकीचा ठसा राहतो. ठिणगीने नुसते शेंडे गोळा झाले असतील तर धारदार कात्रीने तेवढेच छाटावे, वेगळे दिसत नाही. मुळापर्यंत गेले असेल तर ठिगळ. फटाके अंगणात लावायचेच असतील तर चिऱ्याच्या किंवा लाद्यांच्या भागात लावा. गालिच्यावर ओले गोणपाट अंथरून लावणे म्हणजे अर्धे संरक्षण आहे, ठिणग्या त्यापलीकडेही उडतात. वृंदावनाभोवती पावलाभर रुंदीची लादीची चौकट ठेवली तर दिवे, उदबत्त्या आणि सांडलेले तेल यांचा प्रश्नच उरत नाही.

न लावलेल्या आगीचेही डाग दिसतात. रस्त्यालगतच्या नव्या व्हिलांना मोठाल्या चकाकणाऱ्या काचा असतात. त्या काचेवरून परतलेले ऊन हिरवळीवर एका पट्टीत येते आणि ती पट्टी वितळून चकचकीत, आडवी पडते. पट्टी दिवसाच्या ठरावीक वेळी उजळते आणि ऋतूप्रमाणे सरकते, यावरून ती ओळखता येते. गालिचा बदलून काही होत नाही. काचेवर बाहेरून जाळी किंवा छत्री, नाहीतर मध्ये झाड, हाच उपाय. एरवीही एप्रिल-मेच्या दुपारी ही हिरवळ ६०-७० अंशांपर्यंत तापते. पाणी मारले की थोडा वेळ निवते, मग पुन्हा तशीच. लहान मुलांना आणि कुत्र्यांना त्या वेळी तिच्यावर सोडू नये.

रोजच्या देखभालीत फार काही नाही. पाने रोज उचलावीत, आठवड्यातून एकदा कलाच्या उलट झाडावे. समुद्रालगत मीठ बसते. मीठ हवेतला ओलावा ओढते, म्हणून अशी हिरवळ थंडीतही रात्री ओली राहते आणि शेवाळ धरते. पंधरा दिवसांतून एकदा गोड्या पाण्याने धुवावी, चौरस मीटरला तीन-चार लिटर पुरे. किनाऱ्याजवळच्या अनेक बोअरवेलचे पाणी खारट असते, त्याने धुतले तर मिठात मीठ पडते. प्रेशर वॉशरने वाळू उडते आणि पाठीवरचे लेप सुटतात. वापरायचाच असेल तर पसरट फवाऱ्याने, तिरका धरून आणि हातभर लांबून. शेवाळ आधी सुके घासून काढावे. तरी राहिले तर बेंझाल्कोनियम क्लोराईडचे एक टक्क्याचे द्रावण मारावे. ५० टक्क्यांचे मिळते, ते दहा लिटर पाण्यात २०० मिलिलिटर. एवढे ५० चौरस मीटरला पुरते. त्यात साबण मिसळू नये, दोघांचाही गुण जातो. हे मांजरांना घातक आहे, ती पंजे चाटतात. सुकून धुऊन होईपर्यंत मांजरे दूर ठेवावीत, आणि विहिरीजवळ, तळ्याजवळ ते मारूच नये. कुत्र्याच्या मुताचा वास असेल तर आधी भरपूर पाणी, मग एक भाग पांढरा व्हिनेगर आणि तीन भाग पाणी. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीही येऊ देऊ नये, विषारी क्लोरीन वायू निघतो. गंजाच्या डागाला सायट्रिक ॲसिडचे पातळ द्रावण लावून दहा मिनिटांनी धुवावे.

शेवटी वाळूचे आणि कचऱ्याचे. पैसे वाचवायला किनाऱ्यावरची वाळू आणून पात्यांत भरतात. किनाऱ्यावरून वाळू उचलायला सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) नियमांनी बंदी आहे, आणि कामाच्या दृष्टीनेही ती वाईट आहे. तिच्यातले मीठ खिळे खाते, शिंपल्यांचा चुरा दबून पाण्याची वाट बुजवतो. काळे रबराचे दाणेही घरगुती अंगणात भरू नका. ते उन्हात तापतात, वास मारतात आणि पहिल्या सरीबरोबर वाहत गटारात, तिथून नदीला, समुद्राला जातात. युरोपीय संघाने २०२३ साली असे दाणे विकण्यावर बंदीचा नियम केला असून २०३१च्या ऑक्टोबरपासून तो लागू होईल. मोरजी, आगोंद, गालजीबाग येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, त्या किनाऱ्यांच्या पाठीमागच्या अंगणांतून तुटलेली पाती आणि दाणे वाहून जाणे आपल्याला परवडणारे नाही. पाणी जिथे अंगणाबाहेर पडते तिथे नायलॉनच्या मच्छरदाणीच्या जाळीची काढता-घालता येणारी पिशवी बसवा आणि पावसाळ्यात ती दर आठवड्याला रिकामी करा. अगदी समुद्राकडच्या, वाऱ्यावाळूच्या पट्ट्यात हिरवळ न घालता मर्यादवेल वाढू द्यावी. ती वाळू धरून ठेवते आणि तिला खिळे लागत नाहीत.

खराब झालेला गालिचा पॉलिइथिलीन, पॉलीप्रॉपिलीन, लॅटेक्स आणि वाळू यांची मिसळ असतो, म्हणून नेहमीच्या प्लास्टिकसारखा वितळवून पुन्हा वापरता येत नाही. जाळला तर विषारी धूर. टाकण्याआधी उन्हात सुकवून, उलटा झोडून वाळू काढून घ्या, ती चाळून-धुऊन पुन्हा चालते आणि गुंडाळीचे वजनही बरेच उतरते. चांगले तुकडे पायपुसण्याला, गाडीच्या शेडमध्ये, कुंड्यांखाली जातात. उरलेल्याचे काय करायचे, हे पंचायतींनी आणि पालिकांनी ठरवून लोकांना सांगावे. साळगावच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पाकडे तो न्यायचा की वेगळा गोळा करायचा, याचे स्पष्ट उत्तर वॉर्डावॉर्डात पोहोचायला हवे.

आणि आमच्याच धंद्यातल्या सगळ्यांना एक विनंती. हिरवळ बसवल्यावर द्यायच्या बिलावर एवढे लिहून द्या: पाठीचा लेप लॅटेक्सचा की पॉलियुरेथेनचा, पात्यांची उंची, चौरस मीटरला वाळू किती किलो, खिळे कोणत्या दर्जाचे, खाली खडीचा थर किती सेंटिमीटर. सोबत त्याच गुंडाळीतला एक मीटरचा तुकडा गिऱ्हाइकाकडे ठेवा. तो उन्हात पसरून ठेवायला सांगा, कपाटात नव्हे, म्हणजे पाच वर्षांनी ठिगळाला रंग जुळेल.

आपले,
कृत्रिम हिरवळ बसवणारे व दुरुस्त करणारे काही कारागीर,
बार्देश, पेडणे व सासष्टी